पानी होना

परीक्षा लागल्या की मला कुरडयांचा वास येतो. दोहोंचा एकमेकांशी तसा काही संबंध नाही. पण फाल्गुन सरत आला, शाळेत वेळापत्रक लागलं, कडूनिंबाचा बारीक पांढरा मोहोर उंबऱ्यात सांडायला लागला, की आमच्या गल्लीतल्या गच्च्यांवर गव्हाचा चीक शिजू लागतो आणि तो आंबूस, गरम वास खिडकीतून आत शिरून उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर येऊन बसतो. मी शाळेत मराठी शिकवते. कुणा मुलानं ‘भरलेले’ या शब्दाच्या विरुद्ध ‘खाली’ असं लिहिलेलं असतं. पुस्तकाप्रमाणे ‘रिकामे’ पाहिजे. मी लाल पेन उचलते आणि तसंच धरून बसते. हे पोर कोणत्या घरातलं असेल, हंडा खाली झाला असं त्याच्या घरात कोण म्हणत असेल, असले विचार येतात आणि तपासणी पुढे सरकत नाही.

पूर्वी असं होत नसे. चूक ती चूक, फुली मारून मोकळी. हे दुखणं लागलं ते काही वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यापासून, माझा मुलगा तीन वर्षांचा होता तेव्हापासून.

आमची गल्ली जुन्या जालन्यातली. इतकी अरुंद, की समोरच्या अक्कांनी फोडणी दिली तर शिंक आम्हाला यावी. अक्कांचं घर तेलुगू. त्यांचे आजेसासरे हातमागावर साड्या विणायला इकडे आले आणि इथलेच झाले, पण नातवंडांना रागावताना अजून तेलुगूच बाहेर येते. वरच्या मजल्यावर बिहारची मुन्नीभाभी, तिचा नवरा लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर. आमचं घर भोकरदनकडचं. माझं माहेर धावड्याचं, सासर हसनाबादचं, दोन्हीकडं शेती. आणि आमच्या भिंतीला भिंत लावून रशिदाआपा. नवरा नव्हता, एक मुलगा वेल्डिंगच्या दुकानात, आणि आपा दिवसभर मशीनवर साड्यांना फॉल-पिको करायच्या.

या गल्लीचा एक रिवाज होता. कुणी सांगितलेला नव्हता, पण सगळे पाळत. ज्यानं त्यानं आपलं बोलायचं आणि समोरच्यानं आपलं. आपा मला म्हणायच्या, “अगे वैशाली, कल छुट्टी है क्या तेरेकू?” मी म्हणायचे, “नाही आपा, उद्या पेपर आहे.” माझ्या सासूबाई तिकडून विचारायच्या, “तुमचं लेकरू जेवून गेलं का न्हाई?” आणि आपा म्हणायच्या, “हौ, खाको गया.” दोघी अशा तासन्‌तास बोलत. कुणी कुणासाठी भाषा बदलायचं नाही आणि कुणाचं काही अडायचं नाही. आमच्याकडं नळाला पाणी येतं ते देवदर्शनासारखं, कधी येईल सांगता येत नाही. आणि आलं की गल्लीभर एकच हाकाटी. “नळ आले!” “पानी आया!” वरून मुन्नीभाभी, “पानी आ गइल!” समोरून अक्का, “नीळ्ळु वच्चिनय!” हंड्यांचा खडखडाट वेगळाच. बाहेरच्या माणसाला वाटावं, भांडण पेटलं.

मला दिवस राहिले, बाळंतपण झालं, रजा संपली. सासूबाईंचा तेव्हा एक पाय हसनाबादच्या शेतात. मग मी शाळेत निघाले की शौर्य भिंतीपलीकडं. नाव हे असं भारदस्त आणि पोर झुरळाला घाबरणारं. आपांच्या मशीनच्या चाकाशेजारी तो बसायला शिकला, रांगला, त्यांचा पायजमा धरून उभा राहिला. आणि बोलला तोही तिथंच, आपांना खाला, म्हणजे मावशी, म्हणत. मुलगा आमचा, दुपटी आमची, कानाला तेल आमचं, आणि तोंडातून निघाली आपांची दखनी. “मेरेकू पानी होना.”

हे ‘होना’ ऐकून मुन्नीभाभी पोट धरून हसायची. तिच्या हिंदीत ‘होना’ म्हणजे बनणं. ती त्याचा गाल ओढून विचारायची, “पानी होगा तू? नदी हो जाएगा का रे?” आपांच्या बोलीत मात्र ‘होना’ म्हणजे पाहिजे. रोटी होना, खिलौना होना, गोदी में लेना होना. अक्का म्हणाल्या, आमच्यातही तसंच, कावालि म्हणजे पाहिजे, आणि खोलात गेलं तर ‘व्हायला हवं’. मी शब्दांची बाई, माझ्या डोक्यात लगेच चक्र सुरू. आमचं ‘हवं’ तरी कुठून आलं? तेही या होण्याच्याच घरातलं असावं. म्हणजे एखादी गोष्ट पाहिजे असणं आणि आपणच ती गोष्ट होणं, या दोन घरांमधली भिंत आमच्या गल्लीतल्या भिंतीइतकीच पातळ. वर्गात हे शिकवता येत नाही. अभ्यासक्रमात बसत नाही. मी मनाशी खूश व्हायचे इतकंच.

शौर्यचे बाबा कधी कधी कुरकुरायचे. “पोरगं मराठी कधी बोलणार? तू मराठीची मॅडम, लोक काय म्हणतील?” मी म्हणायचे, बोलेल, घाई काय आहे. त्याला सगळं कळत होतं. सासूबाईंनी “शौर्या, झोपाया चल” म्हटलं की तो “नक्को” म्हणून पळायचा, म्हणजे मराठी समजल्याशिवाय पळत होता का?

तो मार्च नेहमीसारखाच आला. उन्हाचा चटका वाढला, गच्चीवर जुन्या साड्या अंथरल्या गेल्या. सासूबाई कुरडयांसाठी खास हसनाबादहून आल्या होत्या. फक्त फोनमध्ये काहीतरी वेगळं चाललं होतं. पोरं पळवणारी टोळी आली आहे, बुरख्यात फिरते आहे, असे निरोप एकाच्या फोनवरून दुसऱ्याच्या फोनवर जात होते. स्टाफरूममध्ये एक बाई ते मोठ्यानं वाचून दाखवत होत्या. मी म्हटलं, “अहो, काहीही काय!” आणि पेपरला निघून गेले. परीक्षेच्या दिवशी फोन ऑफिसात ठेवावा लागतो. माझाही तिथंच होता.

पुढचं मी पाहिलेलं नाही. मला घरी आल्यावर कळलं आणि मग इतक्या वेळा इतक्या जणांकडून ऐकलं, की आता पाहिल्यासारखंच आठवतं. आपा शौर्यला घेऊन भाजीबाजारात गेल्या होत्या. त्याला फुगा पाहिजे होता, त्यांनी नाही म्हटलं आणि त्यानं रस्त्यात बसकण मारून गळा काढला. रडणारं पोर, कपाळावर सासूबाईंनी लावलेला गंधाचा टिळा, आणि त्याला उचलणारी बुरख्यातली बाई. चार पोरं थांबली. मग आणखी थांबली. पोराचं नाव काय, एकानं विचारलं. आपा म्हणाल्या, “शौर्य.” ते हसले. कुणीतरी फोन काढून चित्रण सुरू केलं. आपांनी मला फोन लावला, तो शाळेच्या ऑफिसात वाजत राहिला.

मग एकानं पोरालाच विचारलं, “बाळा, ही कोण तुझी?”

“खाला.”

“आईकडं जायचं ना तुला? चल, आईकडं सोडतो.”

“नक्को,” शौर्य म्हणाला आणि आपांच्या गळ्याला आणखी घट्ट मिठी मारली. “मेरेकू खालाच होना.”

झालं. तेवढं वाक्य पुरलं. “बघा, पोराची भाषासुद्धा बदलून टाकली,” गर्दीतलं कुणीतरी म्हणालं. “किती दिवसांपासून ठेवलंय काय माहीत.” माझ्या मुलानं जीव लावून म्हटलेलं ते वाक्य, आणि तेच आपांच्या विरुद्धचा पुरावा झालं. एकानं त्यांचा दंड धरला होता. दुसरा शौर्यला ओढत होता आणि तो किंचाळत होता.

अक्का तिथं भाजी घ्यायला गेल्या होत्या म्हणून निभावलं. त्यांनी ते पाहिलं आणि पिशवी टाकून गल्लीकडं धावल्या. घाबरलेल्या माणसाला शिकलेली भाषा सुचत नाही. त्या आमच्या गच्चीवर पोचल्या त्या धडाधड तेलुगूत बोलत. सासूबाईंना तेलुगूचं एक अक्षर येत नाही. त्यांना त्यातून फक्त ‘आपा’ आणि ‘शौर्य’ ऐकू आलं. “तेवढं ऐकलं अन् माझे पाय आपोआप सुटले,” त्या सांगतात. सोऱ्या तिथंच टाकून, कोपरापर्यंत चीक माखलेल्या हातांनी, अनवाणी, त्या अक्कांच्या मागं बाजारात गेल्या.

“काय करून राह्यले रे तुम्ही?” त्या गर्दीत घुसून ओरडल्या. “सोड आधी तिचा हात! आमचंच पोरगं हाय ते. अन् ही बाई बी आमचीच हाय. तुम्ही कोण आले मोठे इचारणारे?” त्या चिकट हातांनी त्यांनी एकाची कॉलर धरली म्हणे. तो शर्ट धुऊन निघाला नसणार, एवढंच मला समाधान. “आजी, तुम्हीच सांभाळा मग नातवाला, कुणाकडंही कशाला देता,” असं वर शहाणपण शिकवून ती पोरं पांगली. कुणी माफी मागितली नाही. मागायची असते हेही कुणाच्या मनात आलं नाही.

मी घरी आले तेव्हा शौर्य झोपला होता आणि आपा मशीनवर बसून फॉल लावत होत्या. दंडावर बोटांचे वळ होते. मी रडायला लागले तर मलाच म्हणाल्या, “चुप बैठ. कुछ नै हुआ.” मी म्हटलं, पोलिसांत जाऊ. त्या म्हणाल्या, “वहां बी वोच पूछेंगे, बच्चा किसका है.” आणि दोरा तोडून पुढची साडी उचलली.

दुसऱ्या दिवसापासून आपांनी रिवाज मोडला. शौर्य सकाळी पळत गेला, “खाला, पानी होना.” आपा ग्लास हातात घेऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “पाणी पाहिजे म्हण.” आपांना मराठी उत्तम येत होती. इथंच जन्मलेली बाई ती, येणारच. शौर्यला मात्र ती त्यांच्या तोंडून ऐकायची सवय नव्हती. त्याला वाटलं खेळ आहे. हसला. “पानी होना.” “नाही. पाणी पाहिजे म्हण, मंग देते.” त्याचं हसू गेलं. तो त्यांच्या तोंडाकडं बघत राहिला, मग त्यांच्या मागं जाऊन बघून आला, नेहमीची खाला तिथं कुठं लपली आहे का ते.

दुपारी मी शाळेतून आले तर हेच चाललेलं. पोर रडून लाल झालेलं, ओठ सुकलेले, आपांच्या हातात भरलेला ग्लास, आणि आपांचेही डोळे भरलेले. माझा तोल गेला. “आपा, द्या ना पाणी त्याला! तहानलाय तो!” त्यांनी ग्लास त्याच्या तोंडाला लावला. मग माझ्याकडं वळून बोलल्या, माझ्याशी मात्र अजून त्यांच्याच बोलीत. “तेरेकू क्या लगता, मेरेकू अच्छा लगरा? कल फिर रस्ते में कोई पूछ्या तो बच्चा मराठी में बोलना. तबी वो बचेगा, मैं बी बचूंगी. मेरेकू येच होना.”

वर मुन्नीभाभी जिन्यात उभी होती. तिला काय वाटलं असेल? तिच्या हिंदीप्रमाणे ‘येच होना’ म्हणजे आता हेच व्हायचं आहे, नशिबात आहे. आपांच्या बोलीत मात्र त्याचा अर्थ, मला हेच हवंय. दोन्ही अर्थ खरे होते. मला त्यातला एकही सहन झाला नाही.

बायका अंगावरचं दूध तोडताना स्तनाला कडूनिंबाचा पाला वाटून लावतात. पोर येतं, तोंड लावतं, कडू लागतं, आणि आईकडं बघून रडतं. आपांनी भाषा तशी तोडली. त्या दिवसांत कडूनिंब असा फुलला होता, की गल्लीत जाईल तिथं पायाखाली मोहोर. मी आपांवर चिडले होते, त्या पोरांवर चिडले होते, स्टाफरूममधल्या बाईंवर तर इतकी, की त्यांच्याशी आजही तुटक बोलते. आणि खरं सांगायचं तर माझ्याच विषयावर चिडले होते. माझी मराठी, जिच्या जोरावर मी पगार घेते, ती त्या ग्लासाला कुलपासारखी लावली होती.

शौर्य मग बोलेनासाच झाला. दखनी नाही, मराठी नाही, काहीच नाही. बोट दाखवायचा. भूक लागली तर डब्याकडं, झोप आली तर उशीकडं. सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या, डॉक्टरांनी कान तपासले. कान चांगले होते. कुरडया वाळल्या, शेवया झाल्या, वर्गाचा निकाल लागून शाळा सुटली, आणि घर गप्पच. मला रोज वाटायचं, हा आता बोलायचाच नाही. शाळेत शंभर पोरांना गप्प बसा म्हणून ओरडणारी मी, घरी एका शब्दासाठी पदर पसरून बसले होते.

बोलला तो वैशाखात. आपा बटणं लावत होत्या. तो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि नीट, एकेक अक्षर सुटं करून म्हणाला, “पाणी पाहिजे.” आपांनी उठून पाणी दिलं. “शाब्बास” म्हणाल्या. मग आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आम्ही सगळे आनंदलो होतो. सासूबाईंनी शिरा केला. मीही हावरटासारखी तो ऐकत होते, पुन्हा म्हण, पुन्हा म्हण. त्या आनंदात काय गेलं ते मला त्या दिवशी कळलंही नाही.

पावसाळा संपता संपता आपांच्या मुलानं गावाबाहेर प्लॉट घेतला. “तिकडं आपले लोक आहेत,” तो म्हणाला. वाईट काही बोलला नाही, पण ‘आपले’ हा शब्द गल्लीत तोवर कुणी असा वापरला नव्हता. आता त्या घरात एक बिनमुलाबाळांचं जोडपं राहतं. त्यांचं दार बंद असतं. मुन्नीभाभी आता हळू आवाजात फोनवर बोलते. नळ अजूनही आठवड्या-दोन आठवड्यांनी येतो, पण आता त्याचा मेसेज येतो, हाकाटी होत नाही. कुणाच्या घरात काय बोलतात ते भिंतीपलीकडं कळत नाही. काही लोकांना हे बरं वाटतं. मला करमत नाही.

शौर्य आता दुसरीत आहे. स्वच्छ मराठी बोलतो, ‘ण’ आणि ‘न’ कधी चुकवत नाही. आजीलाही सुधारतो. “आजी, ‘न्हाई’ नाही म्हणायचं, ‘नाही’ म्हणायचं.” सासूबाई कपाळावर हात मारतात. “आता ह्यो मला बोलाया शिकवून राह्यला.” मी हसते, पण मला धावड्याची मी आठवते. बी.एड.ला गेले तेव्हा ‘मी आल्ते’ म्हटलं म्हणून मुली हसल्या होत्या. तेव्हापासून मी ते तोंडातल्या तोंडात गिळायला शिकले. गिळलेलं पचलं की नाही, कोण जाणे.

गेल्या आठवड्यात आपा आल्या. ईद होऊन गेली होती, शीरखुर्म्याचा डबा घेऊन आल्या. थकल्यात. दारातच मला जवळ घेतलं. शौर्य आतून आला. मी म्हटलं, “बघ कोण आलंय. खाला.” त्यानं हात जोडले. “नमस्कार. बसा. तुम्हाला पाणी आणू?” खाला हे त्याच्या लेखी त्यांचं आडनाव असावं, अशा सुरात. पूर्वी तो त्यांना अरेतुरे करायचा, केस ओढायचा. मी वाट पाहत होते, की त्या एकदा तरी चुकून त्याला “क्या रे” म्हणतील. मला ते ऐकायचं होतं आणि त्याला काही आठवतं का ते बघायचं होतं. आपा म्हणाल्या, “किती मोठा झालास रे बाळा.”

दुसऱ्या दिवशी त्याची तोंडी परीक्षा होती. त्यानं आपांना पुस्तक दिलं आणि सर व्हायला सांगितलं. आपांनी चष्मा लावला. तुझं नाव काय, तुझ्या गावाचं नाव काय, तुझी मातृभाषा कोणती. तो ताठ उभा राहून पूर्ण वाक्यात उत्तरं देत होता. “माझी मातृभाषा मराठी आहे.” आपा दर उत्तराला मान हलवत होत्या. शीरखुर्मा टेबलावर निवत चालला होता. मी ओट्याशी पाठमोरी उभी राहून ऐकत होते.

मग तो म्हणाला, “आता मी सर. तुम्ही विद्यार्थी.” पुस्तक काढून घेतलं. आपांनी सगळी उत्तरं दिली. नाव सांगितलं, गाव सांगितलं. शेवटी त्यानं विचारलं, “तुमची मातृभाषा कोणती?”

मी वळून पाहिलं. आपा माझ्याकडं बघत नव्हत्या. त्याच्या तोंडाकडं बघत होत्या. खिडकी उघडी होती, बाहेर गल्लीत कुणी पोरं बोलत जात होती. त्यांचा आवाज लांब जाईपर्यंत आपा थांबल्या.

“मराठी,” त्या म्हणाल्या.

“पूर्ण वाक्यात सांगा.”

“माझी मातृभाषा मराठी आहे.”

“बरोबर,” शौर्य म्हणाला, आणि त्यांना पैकीच्या पैकी गुण दिले.